विसरलो म्हण

अण्णांनी गुन्हा कबूल करायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, फक्त अण्णांना विचारायचं तेवढं राहून गेलं. या घरात हे काही नवीन नाही. अण्णा थोरले, पण ते लिफ्टच्या शाफ्टमध्ये आणि भाऊ धाकटा असून ऑफिसच्या खुर्चीत, ही वाटणी वडील गेल्यापासून चालत आलेली. शाफ्टमधल्या माणसाला वरचं ऐकू येत नाही, असा सगळ्यांचा सोयीस्कर समज होता.

कोर्टाच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर अण्णांना मध्ये बसवून दोघांनी त्यांची उजळणी घ्यायला घेतली होती. उजवीकडे वकील, डावीकडे भाऊ. अण्णांनी लग्नकार्याला घालायचा शर्ट घातला होता आणि गळ्याचं बटण लावून घेतलं होतं.

"न्यायाधीश विचारतील, कबुली स्वतःच्या मर्जीनं देताय का?" वकील म्हणाला. "काय सांगायचं?"

"हो."

"तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"हो."

"अरे अण्णा, तिथं नाही म्हणायचं," भाऊ म्हणाला. "मर्जीला हो, दबावाला नाही. काल रात्रीपासून तेच सांगतोय तुला."

"काल रात्रीपासून सांगतोस आणि वर दबाव नाही म्हणतोस," ताई समोरच्या भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली. शाळेच्या गणवेशांचा हंगाम ऐन भरात असताना शिवणाचं दुकान बंद करून ती आली होती, त्यामुळे आधीच पेटलेली होती. "आणि काय कबूल करतोय तो, ते तरी कळू दे."

"तार काढायला विसरला. एवढंच."

"अण्णा विसरला? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का यावर?"

"ताई, हळू बोल. ती बाई बसलीय तिकडे."

ती बाई म्हणजे लाँड्रीवाल्याची बायको. कॉरिडॉरच्या टोकाला, पिशवी मांडीवर घेऊन, एकटीच. गेल्या वर्षी दवाखान्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आत लिफ्टच नव्हती. धुतलेल्या चादरींचा गठ्ठा छातीशी धरून आलेल्या तिच्या नवऱ्यानं सवयीनं पाय टाकला. जीव वाचला, कमरेखाली मात्र काही उरलं नाही. दाराचं कुलूप झिजलं होतं. कुलूप नीट लागलं नाही तर लिफ्ट हलतच नाही, म्हणून दुरुस्ती करताना मेकॅनिक एक छोटी तार जोडून लिफ्टला फसवतात. तिला जंपर म्हणतात, आणि काम थांबवलं की ती काढायची असते. त्या दिवशी ती काढलेली नव्हती, आणि त्या दिवशी तिथं काम करणारे अण्णा होते.

आता दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपसात ठरवलं होतं. अण्णांनी साधा हलगर्जीपणा कबूल करायचा, दंड भरायचा, लायसन्स सोडायचं. तुरुंग नाही. दवाखानेवाल्यांच्या बाकीच्या इमारतींची कामं घरच्या लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीकडेच राहणार, हे कागदावर नव्हतं, पण ते सगळ्यात आधी ठरलं होतं.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला," भाऊ म्हणाला.

वहिनी अण्णांच्या मागे उभ्या होत्या. त्या या सगळ्यात पहिल्यापासून भाऊच्या बाजूनं. एवढ्या वर्षांत दिराचं आणि त्यांचं कधी पटलं नव्हतं, पण या एका गोष्टीत पटलं. "मला ते घरी हवेत," त्या म्हणाल्या. "खरंखोटं नंतर बघू. साठीच्या माणसाला आत पाठवून मला कुठलं बक्षीस नकोय."

अण्णांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं हो म्हटलं. ते हो कोणत्या प्रश्नाचं होतं, ते वकिलाला कळलं नाही.

नेहमीचे न्यायाधीश रजेवर आहेत हे आत गेल्यावर कळलं. नेहमीचे न्यायाधीश कबुली म्हणजे पोस्टात शिक्का मारावा तशी उरकत, असं वकिलानं भाऊला सांगून ठेवलेलं. त्यांच्या जागी एक बाई बसल्या होत्या, चष्मा केसांवर चढवलेला, आणि त्या कागद वाचत होत्या. सगळा वाचत होत्या. वकिलानं रुमाल काढला तेव्हाच भाऊला काहीतरी बिनसल्याचं जाणवलं.

"हे निवेदन तुम्ही वाचलंत?" न्यायाधीशांनी अण्णांना विचारलं.

"वाचून दाखवलं, मॅडम."

"कुणी?"

"भावानं."

"वकील तुम्ही नेमलेत?"

"दवाखान्यानं दिले."

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला आणि वकिलाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्या अण्णांशी बोलायला लागल्या, सावकाश, बँकेत म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसं. कबूल केलंत तर खटला चालणार नाही. साक्षीदारांना तुमच्या वतीनं कुणी प्रश्न विचारणार नाही. गप्प राहायचा हक्क आहे, तो तुम्ही सोडताय. आणि शिक्षेचं या दोन वकिलांनी जे ठरवलंय, ते मी मानायलाच हवं असं काही नाही. "हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"नाही, मॅडम."

मागच्या बाकावर ताईनं भाऊच्या दंडाला असा चिमटा काढला की तो उडालाच. "तू म्हणालास, पक्कं आहे."

"पक्कंच असतं," भाऊ पुटपुटला. "शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा."

"आणि आज शंभरावी."

"काय झालं ते मला तुमच्या शब्दांत सांगा," न्यायाधीश म्हणाल्या.

वकील उठला. "मॅडम, लेखी निवेदनात सगळं सविस्तर..."

"निवेदन तुमच्या शब्दांत आहे. गुन्हा त्यांचा आहे असं तुम्ही म्हणताय, मग शब्दही त्यांचेच हवेत. बसा."

अण्णांनी सांगायला सुरुवात केली, आणि इथंच घात झाला. कारण अण्णांना कबुली देता येत नाही, पण कामाबद्दल विचारलं की ते खुलतात. कुलूप कसं झिजतं, कुठल्या मजल्याचं आधी जातं, जंपर कशाला लावतात, सगळं त्यांनी हात हलवून सांगितलं. न्यायाधीश ऐकत राहिल्या.

"आणि ही तार चुकून राहू नये म्हणून तुम्ही काही करता?"

अण्णा ताठ झाले. "तारेला लांब लाल दोरी असते, मॅडम. दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या स्कूटरची किल्ली बांधायची. वडिलांनी लावलेली शिस्त आहे. घरी जायचं तर किल्ली हवी, आणि किल्ली सोडायला गेलं की तार डोळ्यांपुढे. आमच्याकडून आजवर एक जंपर विसरून राहिलेला नाही."

"त्या दिवशी किल्ली बांधली होती?"

"बांधल्याशिवाय मी तार लावतच नाही."

"घरी कसे गेलात?"

"स्कूटरवर."

वकिलानं डोळे मिटले. अण्णांना आपण काय बोललो ते क्षणभरानं कळलं, आणि त्यांचे हात खाली आले.

"म्हणजे किल्ली सोडलीत, तार पाहिलीत, आणि ठेवलीत," न्यायाधीश म्हणाल्या. "इथं लिहिलंय विसरलात. का ठेवलीत?"

"निरोप आला होता, मॅडम."

"कुणाचा?"

अण्णांनी इतक्या वेळात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. भाऊला वाटलं, आता माझं नाव येतं. पण अण्णा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते वहिनींकडे बघत होते, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली.

"घरून," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी निवेदनाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "खोटी कबुली मी घेत नाही, आणि रेटून घेतलेलीही घेत नाही. बाहेर जा, पाणी प्या, विचार करा. परत या."

वहिनी बाकावरून उठल्याच नाहीत. घरून. घरी होतं कोण? त्याच तर होत्या.

शाफ्टमध्ये खिशात फोन ठेवायचा नाही, हीही सासऱ्यांचीच शिस्त. त्यामुळे भाऊला अण्णांशी बोलायचं असलं की तो घरी फोन करायचा, वहिनी त्या त्या इमारतीच्या वॉचमनला फोन करायच्या, आणि वॉचमन शाफ्टमध्ये वाकून ओरडायचा. लग्न झाल्यापासून वहिनींनी असे निरोप पोचवले होते. पट्टा संध्याकाळी मिळेल. दुसरीकडे जा, तिथं माणूस अडकलाय. एक शब्द इकडचा तिकडे नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. आणि त्या दिवशी भाऊचा फोन आला होता, "वहिनी, अण्णाला सांगा, सोमवारपर्यंत तसंच राहू दे, लिफ्ट बंद ठेवू नको, डॉक्टर बोंबलताहेत." त्यांनी गॅस बारीक करून निरोप जसाच्या तसा दिला होता. काय तसंच राहू दे, हे त्यांनी विचारलं नाही. निरोप पोचवणाऱ्यानं विचारायचं नसतं.

त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत. वहिनींनी बोल लावले होते, सकाळपासून राबून केलेलं अन्न टाकता म्हणून. हा माणूस वर्षभर त्यांच्या शेजारी झोपला आणि एका शब्दानं बोलला नाही.

वकिलांसाठी ठेवलेल्या छोट्या खोलीत सगळे कोंबले गेले. दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीला गज. वहिनींनी दार लावलं.

"भाऊजी, तो निरोप तुमचा होता."

"हे माझ्यासमोर बोलू नका," वकील घाईनं म्हणाला. "मला ठाऊक नसलेलं बरं."

"मग बाहेर जा," वहिनी म्हणाल्या. इतक्या शांतपणे म्हणाल्या की तो खरंच गेला.

भाऊनं खुर्चीत अंग टाकलं. वाईट माणूस म्हणून तो जन्माला आला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण आज दुसरं कुणी सांगणार नव्हतं. डॉक्टरांचे फोनवर फोन आले होते, पेशंटना खुर्चीत बसवून जिन्यानं उचलून न्यावं लागत होतं, नवीन कुलूप सोमवारशिवाय मिळणार नव्हतं. दोन-तीन दिवसांचा प्रश्न. "निरोप मी दिवसाला पन्नास देतो," तो म्हणाला. "तसंच राहू दे म्हणालो. जंपर राहू दे असं म्हणालो नाही. तसंच म्हणजे काय, ते अण्णानं ठरवलं."

"वा रे वा," ताई म्हणाली. "ऑफिसात तू, फोनवर तू, आणि पिंजऱ्यात अण्णा. वडिलांनी वाटणी चोख करून ठेवली होती म्हणायची."

"तू गप्प बस. वर्षातून चार वेळा येतेस नि तोंड सोडून जातेस. कंपनीवर किती घरं जगतात ते कधी पाहिलंयस?"

"एक घर बाहेर बाकावर बसलंय, पिशवी घेऊन. ते धरलंस का त्यात?"

मग ताईचाच आवाज खाली आला, कारण तिचं लक्ष अण्णांकडे गेलं. ते गजांतून बाहेर बघत होते. "अण्णा, तुला कळत होतं ना? दार उघडू शकतं, हे?"

"कळत होतं."

"मग का ठेवलीस?"

"बोलून काही होत नाही म्हणून," अण्णा म्हणाले. "आधी दोनदा नाही म्हटलं होतं, दुसऱ्या इमारतींत. दोन्ही वेळा भाऊनं दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं नाही. चूक माझीच आहे. म्हणून तर कबूल करतोय."

ताई मटकन टेबलाच्या कडेवर बसली. सकाळपासून ती ज्याच्यासाठी भांडत होती तो बिनचूक अण्णा या खोलीत नव्हताच. तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. आणि मग तिनं अशी गोष्ट केली जी तिची तिलाही आवडली नाही. ती भाऊच्या बाजूला गेली.

"वहिनी," ती म्हणाली, "आता गप्प राहा. तो मुद्दाम ठेवली म्हणाला तर कलम बदलेल, आत टाकतील त्याला. विसरलो म्हणू दे आणि सुटू दे."

"तेच मी केव्हापासून सांगतोय," भाऊ म्हणाला. "अण्णा, फक्त विसरलो म्हण. किल्लीचं काहीतरी सांगू. दुसरी किल्ली होती म्हण."

अण्णा वहिनींकडे वळले. "म्हणतो. यात तुझं नाव येऊ द्यायचं नाही मला. तुला पिंजऱ्यात उभी करतील, विचारतील निरोप कुणाच्या तोंडून गेला. आणि ती बाई समोर बसलेली असेल."

"म्हणून वर्षभर बोलला नाहीत?"

"तुला कळलं असतं तर तू पुन्हा तो फोन उचलला नसतास."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण कुणावर चिडावं ते ठरेना. दिरावर चिडणं सोपं होतं. नवऱ्यावर जास्त चीड येत होती. आपल्याला जपायचं म्हणून हा माणूस खोटं बोलणार, शिक्षा भोगणार, आणि वर आपण त्याचे उपकार मानायचे. जपलं कुणाला म्हणतात हे? झाकून ठेवलं होतं त्यांना, गंजू नये म्हणून हत्यार झाकतात तसं.

शिपायानं दार वाजवलं.

परत आत गेल्यावर न्यायाधीशांनी आधी लाँड्रीवाल्याच्या बायकोला विचारलं, या कबुलीबद्दल काही सांगायचंय का. ती पिशवीसकट उभी राहिली.

"विसरले म्हणतात, तर विसरले असतील," ती म्हणाली. "पण दवाखान्याचे लोक म्हणतात, यांनी बघून पाय टाकायला हवा होता. घरात माझा सख्खा भाऊसुद्धा तेच म्हणतो. हे दिवसभर पडल्या पडल्या मला विचारतात, मी बघितलं का नाही गं? मला एवढंच कळू दे, चूक कुणाची. मी घरी जाऊन काय सांगू?"

ती बसली. सरकारी वकील कागद चाळत राहिला. न्यायाधीश अण्णांकडे वळल्या.

"तुमचं काय ठरलं? तार का राहिली?"

अण्णांनी कठडा धरला. "विसरलो, मॅडम."

"खोटं बोलताहेत," वहिनी म्हणाल्या.

त्या कधी उभ्या राहिल्या ते शेजारी बसलेल्या ताईलाही कळलं नाही. शिपाई पुढे आला. न्यायाधीशांनी हात वर केला. "बाई, इथं मधेच उठून बोलता येत नाही. बसा."

"बसते. पण हे विसरले नाहीत. यांना तसंच राहू दे असा निरोप आला. तो मी दिला. मला यांच्या धाकट्या भावानं दिला. ते इथंच बसलेत, त्यांना विचारा."

"वहिनी," भाऊ म्हणाला, आणि अर्धवट उठून उभा राहिला.

"पुरे," न्यायाधीश म्हणाल्या, पण आवाज चढवला नाही. "पुढे काही बोलण्याआधी तुम्ही वकील गाठा. स्वतःचा. दवाखान्याचा नाही." मग त्यांनी खाली बघत लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिताच सांगितलं. आरोपीच्या स्वतःच्या सांगण्यातून विसरल्याचं दिसत नाही. जे घडलं नाही त्याची कबुली हे न्यायालय घेणार नाही. कबुली नामंजूर. खटला चालेल, आणि तार राहू देण्याबद्दल कुणी काय सांगितलं याचा तपास नव्यानं होईल. आरोपीला नवीन वकील द्यावा. तारीख बाहेर मिळेल.

एवढंच. पुढचं प्रकरण पुकारलं गेलं, कुणीतरी सायकलचोर.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लाँड्रीवाल्याची बायको वहिनींपाशी येऊन थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वहिनींना वाटलं, आता ही आपल्या थोबाडीत मारेल, आणि मारली तर आपण हलायचं नाही.

"तुम्ही निरोप दिलात," ती म्हणाली.

"दिला. बघून पाय टाकायची वेळच त्यांच्यावर यायला नको होती. तसं सांगा त्यांना."

बाईनं मान हलवली. क्षमा वगैरे काही नव्हती त्यात. निरोप घेतला आणि ती जिन्याकडे गेली. लिफ्ट समोरच होती, पण तिकडे तिनं पाहिलंही नाही.

अण्णा भिंतीला टेकून गळ्याचं बटण सोडत होते. ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती आणि डोळे पुसत होती. भाऊ मात्र तावातावानं वहिनींच्या अंगावर आला.

"कळलं का काय करून बसलात? त्याला घरी न्यायचं होतं ना तुम्हाला? आता अण्णा आत जाईल."

वहिनींनी पदर सारखा केला. दिराच्या डोळ्यांत बघून बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"जातील," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, एकटे जाणार नाहीत."